४१.६७ मिलिमीटर: एल-३९ चं किट आणि ते विमान उडवणारी टीम

खोका उघडला आणि आधी व्हर्निअर शोधला. बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, तेहतीस वर्षं लेथ आणि मिलिंगवर जॉब-वर्क करतोय. नवी वस्तू हातात आली की माप घेतल्याशिवाय मला चैन पडत नाही. एल-३९ अल्बाट्रॉस या जेट विमानाचं १:७२ स्केलचं प्लास्टिक किट. खरं विमान १२.१३ मीटर लांब, पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत ९.४६ मीटर. बहात्तरनं भागलं की १६८.५ आणि १३१.४ मिलिमीटर यायला पाहिजेत. धडाचे दोन भाग न चिकटवता नुसते जुळवले, रबरबँड लावला आणि मोजलं. लांबी १६८.२. पंख १३१.६. त्याच मिनिटाला ठरवलं की या किटवर लिहायचं.

असली आठ किटं मी मागवली. एकाला २,३५० रुपये, म्हणजे सगळी मिळून १८,८०० रुपये. सौ.नी विचारलं, आठ कशाला? सात हवेत आणि एक चाकांवर. या विमानांवर हवेत कवायत करणारी ब्राइटलिंग जेट टीम सात विमानांची होती, म्हणून सात.

२०१५ च्या एप्रिलमध्ये आम्ही दोघं मुलीकडं फ्लोरिडात टॅम्पाला गेलो होतो. जावई म्हणाले, "बाबा, इथून तासाभरावर लेकलँडला विमानांचा मेळा भरतोय, सन एन फन म्हणतात त्याला. जाऊया की." मी बेळगावजवळच्या सांबऱ्याचा, हे त्यांना पक्कं ठाऊक. आमच्या गावची धावपट्टी १९४२ ची, इंग्रजांच्या हवाई दलानं केलेली, आणि शेजारी आजही हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे. लहानपणी विमान यायचं ते कधीमधी. आलं की भांगलणाऱ्या बायका खुरपी खाली ठेवून वर बघायच्या आणि आम्ही पोरं बांधावरून पळत सुटायचो. तेव्हापासून आवाज आला की मान वर जाते, ती अजून जाते.

लेकलँडला त्या दिवशी ती ब्राइटलिंग जेट टीम होती. अमेरिकेतला त्यांचा पहिलाच दौरा तिथून सुरू झाला. तोवर माझ्या डोक्यात जेटची कवायत म्हणजे हवाई दलच. आपलं सूर्यकिरण, इंग्रजांचं रेड ॲरोज. ही माणसं मात्र नागरी. फ्रान्समधल्या दिजाँ गावची टीम, २००३ मध्ये उभी राहिलेली, घड्याळं करणाऱ्या स्विस ब्राइटलिंग कंपनीच्या नावानं आणि पैशावर चालणारी. पुढारी जाक बोथलँ, त्याला सगळे 'स्पीडी' म्हणायचे. बहुतेक वैमानिक फ्रेंच हवाई दलातून आलेले. सरकारी विमान नाही, सरकारी इंधन नाही. एक कंपनी, सात विमानं, आणि ती रोज उडण्यालायक ठेवणारे मेकॅनिक. छोटा कारखाना चालवणाऱ्याला हे ऐकून काय वाटतं ते मी सांगायला नको. मशीन बंद पडलं की दुरुस्तीचा खर्च कुणाच्या खिशातून जातो हे आम्हाला रोज माहीत असतं.

सात विमानं समोरून आली. अंग काळपट, त्यावर पिवळा रंग, मागं पांढरा धूर. आधी आवाजच नाही. मग एकदम सगळा आवाज अंगावर आला आणि तोवर ती डोक्यावरून पुढं गेली होती. सातांचं एकच शरीर असल्यासारखी ती वर चढली, उलटी झाली, गोल पुरा करून खाली आली, आणि गोल पुरा होईपर्यंत एकाचंही अंतर हललं नाही. मी सातांकडं बघत नव्हतो. मी दोन विमानांमधल्या मोकळ्या जागेकडं बघत होतो. आयुष्यभर तेच केलंय, शाफ्ट आणि बुश यांच्यामधली फट बघायची. ती फट खाली-वर होत नव्हती. ताशी ७०० किलोमीटरच्या आसपास वेग आणि दोन विमानांत जवळच्या जागी साधारण तीन मीटर. जावयांनी फोनवर वाचून दाखवलं तेव्हा मी परत विचारलं, "फूट की मीटर?" मीटरच.

नातू तेव्हा सहा वर्षांचा. तो माझ्या खांद्यावर बसला होता आणि त्यानं माझे दोन्ही कान घट्ट धरून ठेवले होते. वळणाला वैमानिकाच्या अंगावर आठ जीपर्यंत, म्हणजे वजनाच्या आठपट, ताण येतो असं कळल्यावर मी मनात हिशोब केला. माझं वजन ६८ किलो, तिथं ते ५४४ होईल. साडेपाच क्विंटल. उसाची मोळी उचलणाऱ्याला क्विंटल म्हणजे काय ते कळतं. तेवढा भार अंगावर, रक्त डोक्यातून पायाकडं ओढलं जातंय, आणि नजर शेजारच्याच्या पंखावरून ढळू द्यायची नाही.

आता विमानाबद्दल, कारण किट विमानाचं आहे.

एल-३९ हे काही लढाऊ म्हणून जन्मलेलं विमान नाही. ते शिकाऊ वैमानिकांचं. प्रागजवळच्या एरो वोडोखोडी कारखान्यातलं, यान व्ल्चेक यांच्या डिझाइनचं. पहिलं उड्डाण ४ नोव्हेंबर १९६८. पुढं जवळजवळ तीन हजार विमानं बनली. पुढं शिकणारा, मागं जरा उंचावर शिकवणारा, म्हणजे मागच्यालाही समोरची धावपट्टी दिसते. किटमध्ये ही उंची बरोबर पकडलीय. मागची सीट पुढच्यापेक्षा वर बसते आणि दोन्ही काचा वेगवेगळ्या, बाजूला उघडणाऱ्या, तशाच दिल्यात. हवा घेणारी तोंडं पंखाच्या वर खांद्यावर आहेत, त्यामुळं खालची माती-खडी आत ओढली जात नाही. साध्या मातीच्या धावपट्टीवरून चालावं, पोरांनी आपटलं तरी टिकावं, दुरुस्ती सोपी असावी, असा विचार करून केलेलं यंत्र. आमच्याकडच्या जुन्या लेथसारखं. त्यात दिखाऊ काही नाही आणि बिघडलं तर कुठं हात घालायचा ते कळतं.

इंजिन युक्रेनमधल्या इव्हचेन्को डिझाइनचं, एआय-२५टीएल, १,७२० किलोचा धक्का देणारं. याच घराण्याचं इंजिन याक-४० या छोट्या प्रवासी विमानात होतं. पोलंडनं तर ते शेतावर औषध फवारणाऱ्या एम-१५ या जेट विमानात बसवलं होतं. उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्या मला ही गोष्ट फार आवडते. सुरू करायची पद्धतही बघण्यासारखी. आधी एक छोटं टर्बाइन, सफीर, शिट्टीसारखं वाजत सुरू होतं. ते दाबाची हवा देतं, त्या हवेनं मोठं इंजिन फिरायला लागतं, मग ते पेटतं. लेकलँडला सातही विमानांच्या शिट्ट्या पुढं-मागं वाजल्या आणि मग एकेक घरघर त्यात मिसळत गेली. ते ऐकत मी उन्हात उभा होतो. सौ.नी टोपी आणून दिली तेव्हा कळलं की डोकं तापलंय.

खरी मेख पुढं आहे. हे इंजिन सावकाश उठतं. मंद गतीवरून पूर्ण ताकदीला यायला दहाएक सेकंद लागतात. आता हिशोब मांडा. एखादं विमान शेजाऱ्यापेक्षा ताशी फक्त एक किलोमीटरनं जास्त वेगात राहिलं, तर सेकंदाला २८ सेंटिमीटर. तीन मीटर अंतर अकरा सेकंदांत संपलं. म्हणजे इंजिन मंद ठेवून 'आता मागं पडतोय, जरा वाढवू' असं म्हणायला वेळच नाही. इंजिनचे फेरे कायम वरच ठेवायचे, थ्रॉटल, म्हणजे ताकद कमी-जास्त करायचा दांडा, केसाएवढा हलवायचा, वेग कमी करणाऱ्या पोटाखालच्या दोन झडपा, म्हणजे एअरब्रेक, जरुरीपुरते काढायचे, आणि चूक व्हायच्या आधी ती ओळखायची. सूर्यकिरणची हॉक विमानं यापेक्षा नवी आणि ताकदवान. या लोकांनी मात्र शाळेचं विमान घेतलं, त्याचा हळूपणा समजून घेतला आणि त्या हळूपणातून एवढी घट्ट रचना काढली. म्हणून त्यांची कामगिरी मला जास्त मोठी वाटते. चांगलं मशीन असलं की चांगला जॉब निघतोच. जुन्या मशीनवर मायक्रॉन पकडणाऱ्याला आम्ही कारागीर म्हणतो.

किट बांधताना हे सगळं डोक्यात असतं, म्हणून गुण-दोष जसे दिसले तसे लिहितो. दोषही आहेत, म्हणून किट कंपनीचं आणि विकणाऱ्याचं नाव देत नाही.

मोल्डिंग चांगलं आहे. पत्र्यांच्या सांध्यांच्या रेषा बारीक आणि आत कोरलेल्या. जुन्या किटांत त्या वर उचललेल्या असायच्या आणि घासताना निघून जायच्या. फ्लॅश, म्हणजे कडेला सुटलेलं जादा प्लास्टिक, फारसा नाही, पॉलिश पेपरचा हलका हात पुरतो. सिंक मार्क, म्हणजे प्लास्टिक थंड होताना पडलेले खळगे, दोनच ठिकाणी, शेपटीच्या मुळाशी. साच्यातून भाग बाहेर ढकलणाऱ्या इजेक्टर पिनचे गोल डाग चाकांच्या झाकणांच्या आतल्या बाजूला आहेत, आणि विमान हवेतलं करायचं असेल तर ते दिसतच नाहीत. एअरब्रेक वेगळे भाग म्हणून दिलेत, उघडे-बंद कसेही बसवा. मी सातांपैकी दोघांचे जरा उघडे ठेवले. मागच्या ओळीतली विमानं वेग कमी करताना तशी दिसतील.

सूचनापत्रात एक चूक आहे आणि ती घेणाऱ्याला महागात पडेल. विमान चाकांवर उभं करायचं असेल तर नाकात पाच ग्रॅम वजन घाला असं छापलंय. मी चिकटवायच्या आधी सगळं टेपनं जुळवलं, मुख्य चाकांच्या रेषेखाली स्टीलच्या पट्टीची धार धरली आणि नाकात थोडं थोडं शिसं टाकत गेलो. पाच ग्रॅमला ते शेपटीवरच बसतं. सहाला डळमळतं. सात ग्रॅम लागतात. एकदा धड चिकटलं की नाकात हात जात नाही, म्हणून आधीच सात घाला. शिसं कुठलं, तर टायरच्या दुकानात व्हील बॅलन्सिंगचे जुने तुकडे मिळतात. खानापूर रोडवरच्या एका दुकानदारानं मला मूठभर दिले आणि पैसे घेतले नाहीत.

दुसरा दोष डिकलचा, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील अक्षर-चित्रांचा. पिवळी अक्षरं थेट गडद रंगावर लावली की मरतात, हिरवट दिसतात, कारण खाली पांढऱ्याचा थर छापलेला नाही. पहिल्या विमानावर तसंच झालं. पुढच्या सहांना अक्षरांच्या जागी आधी पांढऱ्याचा पातळ हात मारला, दोन दिवस वाळू दिला, मग डिकल लावलं, आणि कडेला बाहेर आलेलं पांढरं बारीक ब्रशनं झाकलं. वेळ खाणारं काम आहे. डिकल वळणावर नीट बसत नसेल तर घरचं व्हिनेगर पाण्यात मिसळून लावा, ते मऊ पडतं. पहिलं विमान खरवडून परत रंगवलं. तशा अक्षरांचं मी सातांत ठेवू शकलो नसतो.

तिसऱ्या खोक्यात मात्र सरळ खराब माल आला. डाव्या पंखाच्या टोकाची टाकी अर्धीच भरलेली, प्लास्टिक साच्यात पोचलंच नव्हतं. आमच्या भाषेत शॉर्ट शॉट. विकणाऱ्याला फोटो पाठवले. उत्तर आलं की खोका उघडलाय, परत घेता येणार नाही. खोका न उघडता आतला भाग खराब आहे हे कुणाला कळणार? मी दोनदा लिहिलं, तिसऱ्यांदा लिहिलं नाही. जॉब खराब गेला तर आम्ही आपल्या खर्चानं परत करून देतो, उद्यमबागेत असंच चालतं. एवढंच त्यांना कळवलं.

ती टाकी मी लेथवर केली. एल-३९ च्या टोकाच्या टाक्या हे त्या विमानाचं ओळखचिन्ह, प्रत्येकी शंभर लिटरच्या, कायम बसवलेल्या, आणि पुढच्या टोकात उतरताना लागणारा दिवा. उजव्या चांगल्या टाकीवरून सहा ठिकाणी व्यास घेतले. आठ मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा बार लेथच्या कोलेटमध्ये, म्हणजे पकडीत, धरला, फॉर्म टूल, म्हणजे हव्या आकाराचं हत्यार, हातानं घासून गोलाई जुळवली आणि रॉकेलचा बोळा लावत सावकाश उतरवत आणलं. शेवटचा हात पॉलिश पेपरचा. बार तोडायच्या आधी डोळ्याजवळ धरून बघितला तर चकचकीत टोकात ट्यूबलाइट उलटी दिसत होती. त्यावर प्रायमर मारताना जिवावर आलं, पण रंगानंतर आता डावी कुठली आणि उजवी कुठली हे मलाही वजन केल्याशिवाय कळत नाही.

आता ते ४१.६७. तीन मीटर म्हणजे तीन हजार मिलिमीटर, भागिले बहात्तर, ४१.६७. ४२ चा ब्लॉक करून चाललं असतं. मी ४१.६७ चाच केला, ॲल्युमिनियमचा, मायक्रोमीटरवर दोन्ही टोकं तपासून. मापं घ्यायच्या जुन्या सपाट सरफेस प्लेटवर एमएसची, म्हणजे साध्या पोलादाची, प्लेट ठेवली, त्यात पितळेच्या सात काड्या उभ्या केल्या, प्रत्येक काडीवर एक विमान. एकाच्या पंखाच्या टोकापासून शेजारच्या विमानाच्या सगळ्यात जवळच्या जागेपर्यंत तो ब्लॉक सरकत गेला पाहिजे, अडकला नाही पाहिजे आणि खडखडलाही नाही पाहिजे. सात विमानं लावायला चार संध्याकाळी गेल्या. एक हललं की शेजारची दोन परत तपासायची.

माझा मिलिंगवाला हुक्केरीकडचा, कानडी. तो रोज जाता-येता बघायचा, बोलायचा नाही. सातवं बसल्यावर त्यानं हात पुसले आणि दोन विमानांच्या मधे बोटं घालून बघितली. दोन बोटं गेली, तिसरं जाईना. मी म्हटलं, एवढ्या अंतरावर माणसं बसून गोल मारतात. तो जरा वेळ तसाच वाकून उभा राहिला. मग म्हणाला, "भाळ चलो ऐत्री, मालक." म्हणजे, फार छान झालंय.

त्या दोन बोटांच्या जागेची किंमत बेळगावला माहीत आहे. २८ जानेवारी २०२३ ला मध्य प्रदेशात मुरैनाजवळ सुखोई आणि मिराज सरावाच्या वेळी एकमेकांवर आदळली, आणि मिराजमधले आपले विंग कमांडर हनुमंतराव सारथी गेले. त्यांना गावी आणलं ते सांबऱ्याच्याच विमानतळावर. त्याआधी फेब्रुवारी २०१९ मध्ये बंगळूरच्या येलहंकाला सूर्यकिरणची दोन हॉक विमानं सरावात एकमेकांना लागली, त्यातही एक वैमानिक गेला. म्हणून ही प्लेट मी दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये ठेवलेली नाही. ती वर्कशॉपमध्ये इन्स्पेक्शनच्या टेबलाशेजारी आहे. तिथं काम करणाऱ्या प्रत्येकाला माप चुकलं तर काय होतं ते कळतं. बेळगाव जिल्ह्यातल्या हत्तरगीच्या एअरोस्पेस कारखान्यांत विमानांचे भाग बनतात आणि आमच्यातली कितीतरी पोरं तिथं कामाला आहेत. त्यातला एक जण परवा आला होता, तो ४१.६७ चा ब्लॉक हातात घेऊन बराच वेळ बघत बसला.

ब्राइटलिंगच्या नावानं ती टीम २०१९ च्या अखेरीपर्यंत उडाली. मग कंपनीनं हात काढून घेतला. मला त्याचं फार वाईट वाटलं. यंत्रं तीच होती, माणसं तीच होती. तरी एल-३९ वर उडणाऱ्या नागरी टीम अजूनही बघायला मिळतात. कॅलिफोर्नियातली पॅट्रियट्स जेट टीम तीच विमानं उडवते, आणि लाटव्हियाच्या बाल्टिक बीज टीमकडंही एल-३९ च आहेत. कुणाची मुलं-बाळं तिकडं असतील आणि तुम्ही जाणार असाल, तर कार्यक्रमांची यादी आधी बघून तिकीट काढा. बघताना सगळ्या विमानांकडं एकदम बघू नका. दोन निवडा आणि त्यांच्यामधल्या जागेवर नजर ठेवा. कानाला कापूस न्या, डोक्याला टोपी न्या.

किट घ्यायचं का? ज्याला घासायची, थांबायची, वाळू द्यायची सवय आहे त्यानं जरूर घ्यावं. मापात खरं आहे, आणि स्केल मॉडेलमध्ये मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. घाईच्या माणसानं किंवा आठ-दहा वर्षांच्या पोरासाठी एकट्यानं करायला म्हणून घेऊ नये. डिकल आणि नाकातलं वजन त्याला रडवेल. खोका आला की विकणाऱ्यासमोर किंवा व्हिडिओ काढत उघडा आणि दोन्ही टोकाच्या टाक्या आधी बघा.

आठवं किट मी उघडलेलं नाही. नातू डिसेंबरात येतोय, आता माझ्यापेक्षा उंच झालाय. फोनवर म्हणाला, "आज्जा, चाकांवरचं मी करणार, पण रंग तुम्ही द्यायचा." खोका त्याच्यासाठी ठेवलाय, आणि वर एका डबीत शिसं. इलेक्ट्रॉनिक काट्यावर बघितलंय, सात ग्रॅम.